सिद्रामप्पाची पाच बटणं

आमच्या शाळेचा कारकून सिद्रामप्पा याच्या शर्टाला पाच बटणं असत आणि पाचही वेगळी. सगळ्यात वर नारळाच्या करवंटीचं, त्याखाली पितळी, मग काचेचं, मग लाकडी आणि शेवटी शिंगाचं. शर्ट कुठलाही असो, क्रम हाच. मुलं त्याला पाठीमागे बटणप्पा म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि एखादी पदवी मिळाल्यासारखा तो ते मिरवत असे.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो त्या दिवशी हजेरीपटावर सही करत होतो, तर या गृहस्थानं माझ्या शर्टाचं बटण चिमटीत धरलं.

"सर, ह्ये काय लावलंय? डागतरच्या गोळ्या?"

मी म्हटलं, "बटणं आहेत. दुकानात हीच मिळतात."

"दुकानात काय बी मिळतंय. तुमी जरा ह्येला हात लावून बघा की!" असं म्हणून त्यानं छाती पुढे काढली. नोकरीचा पहिला दिवस, समोर हेडसर, हिंदीच्या बाई आणि ड्रॉइंगचे मास्तर, आणि मी एका चाळिशी उलटलेल्या माणसाच्या छातीवरची करवंटी चाचपतोय. माझी त्या शाळेतली सुरुवात ही अशी झाली.

"जरा हात लावून बघा की!" हे त्याचं पालुपद होतं. कपडा बघायचा नसतो, चाचपायचा असतो, असं त्याचं ठाम मत. रंगाच्या बाबतीत मात्र आनंद होता. पोपटी शर्टावर जांभळ्या दोऱ्याची शिलाई घालून तो खुशाल शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन यायचा. शिवाय प्रत्येक काजाच्या शेजारी बारीक गाठींचं भरतकाम. एका काजापाशी एक गाठ, दुसऱ्यापाशी दोन, असं खालपर्यंत. मी एकदा विचारलं, "अहो, बटणांचा क्रम तरी बदला कधी." तर म्हणाला, "फॅशनला शिस्त लागती की, सर." 

स्वस्तात झकपक कसं राहावं याचे सल्ले तो न मागता देई. पँट ओली असतानाच घडी घालून गादीखाली सारायची आणि रात्रभर कूस बदलायची नाही, की सकाळी इस्त्री तयार. मी ते करून पाहिलं. पँटला एक सोडून तीन घड्या पडल्या आणि माझी मान दोन दिवस आखडली. भाताच्या पेजेत कॉलर बुडवायची, की ती कडक होते. झाली. इतकी कडक झाली की वर्गात मागे वळून बघायला मला पूर्ण फिरावं लागे. चपला केळ्याच्या सालीनं घासायच्या, हाही त्याचाच शोध. चकाकी आली, पण दिवसभर माश्या माझ्या पायांशी शाळा भरवून बसल्या.

बायकांच्या कपड्यांच्या बाबतीत मात्र त्याचं डोकं बिनचूक चालायचं. माझ्या बायकोची, मालतीची, लग्नातली इरकल साडी मधोमध विरली होती, पण काठ शाबूत होते. सिद्रामप्पानं ते सोडवायला लावून तिच्या साध्या पांढऱ्या सुती साडीला लावून घ्यायला सांगितले, आणि उरलेल्या तुकड्याची ब्लाउजची बाही. ती साडी नेसून मालती हळदीकुंकवाला गेली आणि सावकारणीनं तिला बाजूला घेऊन दुकानाचा पत्ता विचारला. त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या शब्दाला किंमत उरली नाही. कापडाचं असो, भाजीचं असो, "भावजींना विचारते" हेच उत्तर.

त्याची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे चादरीचं जाकीट. आपली सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी सुलटी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. तेव्हा एकाच जाकिटात दोन जाकिटं बसतात, असा त्याचा हिशेब. शिंप्यानं कापताना घोळ केला आणि चादरीवरचा मोर पाठीवर डोकं खाली, पाय वर असा आला. सिद्रामप्पा म्हणाला, "दाणं टिपतोय त्यो." ते जाकीट त्यानं सोलापूरच्या वैशाखात घातलं. अंगातून घामाच्या धारा, आणि तोंडानं येणाऱ्याजाणाऱ्याला, "जरा हात लावून बघा की!"

हे सगळं गमतीगमतीत चाललं असतं. पण सिद्रामप्पा इतकी वर्षं काम करूनही हंगामीच होता. दर उन्हाळ्यात त्याची नोकरी सुटे आणि जूनमध्ये पुन्हा लागे. त्या वर्षी कायम करण्याची गोष्ट निघाली होती. कागद हेडसरांच्या टेबलावर होता, आणि त्याच सुमाराला शाळेच्या तपासणीची तारीख आली.

हेडसर तपासणीच्या नावानंच निम्मे होत. त्यांनी फर्मान काढलं की सर्वांनी पांढरा शर्ट घालायचा. आम्हाला वाटलं, आता सिद्रामप्पा रणकंदन करणार. तर हा दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या शुभ्र शर्टात हजर. फक्त बटणं तीच. नारळ, पितळ, काच, लाकूड, शिंग.

हेडसरांचा आवाज पार पटांगणापर्यंत गेला. "ही सर्कस तपासणीला चालायची नाही! बटणं एकसारखी करा, नाहीतर कायम व्हायचं विसरा!"

"साहेब, रंग तुमच्या मनासारका केला न्हवं? कायबी बोललो न्हाय. बटनं तेवढी ऱ्हाऊ द्या की."

"बटणांसाठी नोकरी घालवणार?"

सिद्रामप्पानं वरच्या करवंटीच्या बटणावर हात ठेवला आणि तो आपल्या टेबलाकडे वळला. 

संध्याकाळी हेडसरांनी मला बोलावून साध्या बटणांचा एक कोरा पांढरा शर्ट हातात दिला. माणूस तापट होता, पण वाईट नव्हता. म्हणाले, "तुमचं ऐकतो तो. उद्या सकाळी घरी जाऊन हा त्याच्या अंगात घाला. मूर्खपणानं हातची नोकरी घालवेल."

तपासणीच्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा होता होता मी त्याच्या गल्लीत पोचलो. दोन खोल्यांचं घर, दार उघडंच. सिद्रामप्पा खोलीच्या मधोमध मान वर करून, छताकडे बघत उभा होता, आणि त्याच्यासमोर त्याची आई. वाकलेली, कपाळाला विभूती, डोळ्यांवर पांढरट साय. दुधनीकडची बाई, बोलणं निम्मं कानडी. "निल्लो, तम्मा, निल्लो," म्हणजे थांब रे बाळा, असं पुटपुटत ती त्याच्या शर्टावरून बोटं फिरवत होती. करवंटीचं बटण सापडलं. मग दुसऱ्या बाजूचा काज, त्याच्या शेजारची एक गाठ. बटण आत गेलं. मग गार लागणारं पितळी बटण आणि दोन गाठी. मग काच. बोटं कुठं चुकत नव्हती.

माझी चाहूल लागून ती थबकली. "कोन हाय?"

"शाळेतले सर हायती, आव्वा."

"या मास्तर, बसा. ह्येला कायबी येत न्हाय बगा. येवढा घोडा झाला, बटनं बी लावता येत न्हाईत. मी न्हाय तर शाळंला उघडाच जाईल."

सिद्रामप्पानं मान खाली केली नाही. तिच्या डोक्यावरून त्यानं फक्त माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या शर्टाकडे पाहिलं. मी तो शर्ट पाठीमागे लपवला. ती आंधळी आहे हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही आलं नाही.

वाटेत तो आपणहून बोलला. "भाकरी थापत हुती, सर. दोनदा हात भाजला, म्हनून चूल बंद केली. निवडणं-टिपणं गेलं. आता दिवसभर नुसती बसून. येवढं येकच काम ऱ्हायलंय तिच्याकडं. येकसारकी बटनं असली की वरचं खाली, खालचं वर. मग रडायची. म्हनून गड्ड्याच्या जत्रंतून ही येगयेगळी आणली."

म्हणजे पोपटी शर्ट, जांभळा दोरा, फॅशनची शिस्त, सगळी बडबड ही त्या पाच बटणांना लपवायला रचली होती. एका विचित्र बटणाकडे लोक बघतात आणि कारण विचारतात. सगळाच माणूस विचित्र असला की कोणी विचारत नाही. मला त्याचा विलक्षण अभिमान वाटला.

तरी मी म्हटलं, "मग शाळेत आल्यावर शर्ट बदला. तिला कुठं कळणार आहे?"

तो रस्त्यातच थांबला. "तिनं लावलेली मी सोडू व्हय?"

 पण फॅशन ही काही एकट्या सिद्रामप्पाची मिरास नव्हती. मी त्याला तडक शाळेतल्या गॅदरिंगच्या सामानाच्या ट्रंकेपाशी नेलं. नाटकात विलायतेहून परतणाऱ्या जावयासाठी आणलेला एक टाय त्यात होता. त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे पंच्याएवढा रुंद, लालभडक, वर पिवळे ठिपके. त्याखाली पाच काय, दहा बटणं झाकली असती. गाठ ड्रॉइंगच्या मास्तरांनी मारली.

तपासणीचे साहेब आले. हेडसर नव्याकोऱ्या, जरा जास्तच घट्ट सफारीत श्वास धरून उभे. साहेबांनी आमच्या रांगेवरून नजर फिरवली, ती टायवर येऊन थांबली. मग ते हेडसरांना म्हणाले, "चला, तुमच्याकडे एक तरी माणूस नीट कपडे करून येतो." हेडसरांच्या सफारीचं एक बटण त्याच वेळी तुटून टणकन फरशीवर पडलं. सिद्रामप्पानं ते अदबीनं उचलून दिलं आणि हळूच म्हणाला, "प्लास्टिक हाय, साहेब."

महिन्याभरात तो कायम झाला. म्हातारीनं गल्लीभर शेंगदाण्याची पोळी वाटली, आणि माझ्या हातात पोळी ठेवताना माझा शर्ट चाचपून म्हणाली, "बायको लावती का बटनं तुमची?" मी हो म्हणून ठोकून दिलं.

पुढच्या थंडीत ती गेली. सिद्रामप्पा काही दिवस रजेवर होता. परत आला त्या सकाळी आम्ही सगळे शिक्षकखोलीत होतो. पँटची घडी जागच्या जागी, कॉलरला कांजी, पण शर्ट वाकडा. करवंटीचं बटण दुसऱ्या काजात, पितळी तिसऱ्यात, आणि एका बाजूचं टोक खाली लोंबत होतं. हेडसरांनी हजेरीपट त्याच्यापुढे सरकवला. हिंदीच्या बाईंना वाटलं, ही नवी फॅशन आहे. त्यांनी कौतुकानं विचारलंही, "पुण्याहून आली का हो?"

त्यानं "जरा हात लावून बघा" म्हटलं नाही. 

मी त्याला दप्तराच्या कपाटामागे नेलं. वरपासून खालपर्यंत सगळी बटणं सोडली. मग करवंटीचं बटण हातात घेतलं आणि एका गाठीचा काज शोधू लागलो, तशी त्यानं सवयीनं मान वर केली आणि छताकडे बघत उभा राहिला.