सुध्या भालेरावचं फिनिशिंग

सुध्या भालेराव कुठल्याही वस्तूवरून आधी तळहात फिरवायचा आणि मग तिच्याशी ओळख करून घ्यायचा. टेबल, दरवाजा, नवी सायकल, हॉटेलातली बशी, कशालाही सूट नव्हती. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्याचं कामच ते होतं. पत्र्यावरून हात फिरवायचा, कुठं खडबड लागली की खडूने गोल करायचा. पगार शिफ्टपुरता मिळायचा, पण हा माणूस कायम ड्यूटीवर. मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीकडे बघण्याआधी त्याने समोरच्या टीपॉयवरून हात फिरवला आणि म्हणाला, "फिनिशिंग नाही." टीपॉय मुलीच्या वडिलांनी स्वतः केला होता. ते सुतार होते. तरीही त्यांनी मुलगी दिली. याला मनाचा मोठेपणा म्हणायचं की आणखी काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

असा माणूस गिटार वाजवतो म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, काय गुळगुळीत वाजवत असेल. तर नाव घेऊ नका. आमच्या 'गोदावरी थंडर्स' या बँडचा आवाज म्हणजे नुसती खरखर होती. सुध्याचे गुरू इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीतले एक रिटायर्ड गार्ड. त्यांनी त्याला तीन कॉर्ड शिकवले, ब्लूज नावाचा प्रकार शिकवला आणि वरून सांगितलं, की हे दुःखाचं गाणं आहे, दुःख नसेल तर शेजाऱ्याकडून उसनं आण. सुध्याला उसनवारीची गरज नव्हती. "तिकडे अमेरिकेत शेतमजूर रडले म्हणून ब्लूज झालं ना? मग आमच्या दिंडोरीचे काय कमी रडलेत?" असं तो विचारायचा. त्याचे आई-वडील दुसऱ्याच्या बागेत द्राक्षं तोडायचे, त्यामुळे यावर कुणी वाद घालत नसे. गाण्याच्या बाबतीत त्याचं फिनिशिंगचं तत्त्व एकदम उलटं. "गाण्याला फिनिशिंग आलं की ते मेलं समज, बाळ्या."

बाळ्या म्हणजे मी. दिवसा पोस्टात टपालावर शिक्के मारायचो, संध्याकाळी ड्रम बडवायचो. कामात फारसा फरक नव्हता. मी सुध्याच्या डाव्या हाताला बसायचो, माझी मोठी झांज थेट त्याच्या कानाशी. ती तिथं असावी हा त्याचाच हट्ट होता. "जोरात हाण. झांज माझ्या कानात पाहिजे." मला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. हळू वाजवणं मला येतच नव्हतं.

सत्तरच्या दशकात नाशिक रोडपासून देवळाली कॅम्पापर्यंत आम्हाला मागणी होती, कारण दुसरा कुणी नव्हता. लोक सिनेमातली गाणी मागायचे. सुध्या ती वाजवायचा, पण मध्येच डोळे मिटून ब्लूजमध्ये शिरायचा. एका बारशाला त्याने पाऊण तास दुःख सांडलं. बाळ झोपलं, आणि बाळाची पणजी आतून येऊन हळूच विचारती झाली, "कोण गेलं रे?"

त्याची गिटार साधी लाकडी, भोकाची. तिच्या पोटात त्याने स्वतः आवाज वाढवायचा पिकअप बसवला होता. तारा लावायला बसला की यजमानांचा जीव टांगणीला लागायचा. पाहुणे जेवून हात धुवायचे तरी याचं पिळणं चालूच. त्या गिटारीला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे आणि सूर लागला की नाही हे त्याने जन्मात कुणाला विचारलं नाही. मांडवाच्या त्या टोकाला ताट पडलं तर ते कुठल्या सुरात पडलं, हे तो इथून सांगायचा.

आणि मग ऐंशीच्या पुढं दोन-तीन वर्षांनी या माणसाने स्कूटर विकून मुंबईहून सिंथेसायझर आणला.

मला आधी वाटलं, इस्त्रीचं टेबल आणलंय. त्याने वरचं कापड काढलं, तळहात फिरवला, आणि ज्या माणसाने मला खरखरीची दीक्षा दिली तो म्हणाला, "बघ, काय फिनिशिंग आहे. गाण्याला फिनिशिंग पाहिजे, बाळ्या. जमाना बदलला." एक बटन दाबलं की व्हायोलिन, दुसरं दाबलं की बासरी, तिसरं दाबलं की समुद्र. नाशिकला समुद्राची किती निकड होती ते गंगेलाच माहीत. मग त्याने खालच्या ओळीतलं एक बटन दाबलं आणि ते यंत्र आपलं आपण ड्रम वाजवायला लागलं. ताल पक्का, चहा नाही, बसभाडं नाही, बायकोची तब्येत नाही. मी ऐकत राहिलो. घरी गेलो, जेवण गेलं नाही. पोस्टात शिक्के मारून म्हातारा होणारच होतो, त्यातून सुटायची माझी एकच जागा होती, आणि ती आता एका बटनात मावत होती.

दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या तालाच्या बटनांवर याने औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी चिकटवलेली. "धूळ जाते," म्हणाला. व्हायोलिनमध्ये धूळ जात नव्हती, समुद्रात जात नव्हती, नेमकी माझ्या बटनांत जात होती. मी ओळखलं. मला काढायचा मुहूर्त बघतोय. पुढच्या कार्यक्रमाला त्याने मला डावीकडून उचलून उजवीकडे बसवलं. कारण काय, तर "स्टेजचं फिनिशिंग". आज उजवीकडे, उद्या पडद्यामागे, परवा घरी.

बरं, लोक काही कमी आगाऊ नव्हते. "भालेराव, मशीनमध्ये ताल असतो ना? मग हा ड्रमवाला कशाला?" असं माझ्यादेखत विचारायचे. सुध्या शांतपणे सांगायचा, "बटन बिघडलंय." म्हणजे दुरुस्त होईपर्यंत मी. बदली कामगार. मी आणखी जोरात बडवायचो.

पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षवाल्या व्यापाऱ्याच्या मुलाचं रिसेप्शन होतं. दिवेलागणीची वेळ, नवरा-नवरी खुर्च्यांवर बसलेली, सुध्या समुद्र आणि व्हायोलिन एकत्र कालवत होता, आणि लाइट गेली. समुद्र आटला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सुध्या ती जुनी गिटार अजून बरोबर बाळगायचा, शोभेला. मी ती उचलून त्याच्या हातात दिली. म्हटलं, "वाजवा साहेब. हिला लाइट लागत नाही."

पेट्रोमॅक्स आले. सुध्याने तारा पिळायला घेतल्या. पिळतोय, छेडतोय, लाकडाला उजवा कान लावतोय. तार उतरलेली मला, शिक्के मारणाऱ्या माणसाला, ऐकू येत होती. पुढच्या रांगेतली पोरं हसायला लागली. त्याने एकदा छेडून पाहिलं. ते ऐकवत नव्हतं. आणि मग त्याने मान वळवून मला विचारलं, "बाळ्या, लागली का रे?"

मी म्हटलं, "लागली."

तो वाजवायला लागला आणि मी आयुष्यात वाजवला नव्हता इतक्या मोठ्याने ड्रम वाजवला. त्यात गिटार बुडून गेली. लोकांना वाटलं, असंच असतं. लाइट आली तेव्हा टाळ्याही पडल्या.

दुसऱ्या दिवशी तो शिफ्टला गेलेला बघून मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला, माहेरून आलेल्या त्याच टीपॉयवर, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "काल कळलं ना तुम्हाला? डावा कान गेलाच, भावजी. उजवाही उतरलाय. बारीक सूर समजत नाही. म्हणून तर ती पेटी आणली, तिला लावावं लागत नाही."

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं कानाशी झांज वाजत होती, त्याने झालं. हे म्हणाले, बाळ्याला कळता कामा नये. तो वाजवायचं सोडील." वहिनी कपाची कड पुसत राहिल्या. "डॉक्टरांनी तर ड्रमजवळ उभंच राहू नका म्हणून सांगितलंय, उरलेला कानही जाईल. मी म्हटलं, अहो, पेटीत ताल आहे ना, दाबा ते बटन. तर म्हणाले, तो आमचा ताल नाही. आणि तुम्हाला उचलून उजवीकडे बसवलं, ऐकू यावं म्हणून."

मला तो चहा काही गेला नाही. इतके दिवस मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणत होतो, आणि तो उरलेला कान माझ्याकडे करून उभा होता.

पुढच्या कार्यक्रमाला मी ड्रम मांडले, झांज घरीच ठेवली. सुध्याने ड्रमवरून नेहमीसारखा तळहात फिरवला. झांजेच्या रिकाम्या दांडीशी येऊन हात थांबला.

"झांज कुठंय?"

"तडकलीय."

तो माझ्याकडे बघत राहिला. वहिनी बोलल्या, हे त्याला माझ्या तोंडावर दिसलं असावं. माझी थाप त्याला कळली, आणि कळली हे मलाही कळलं.

"तडकलेली चालेल," तो म्हणाला. "फिनिशिंग गेलं खड्ड्यात. जा, घेऊन ये."

मी सायकल काढली, झांज आणली, दांडीला लावली. मग खिशातला रुमाल काढून तिला गच्च बांधला. त्याने पाहिलं. व्हायोलिनचं बटन दाबून त्याने मान जराशी माझ्याकडे वळवली, आणि मी हळू वाजवायला लागलो.