पायी येणारी झोप

गणपत वस्तादांच्या मते माणसाची झोप पायी चालते. माणूस मोटारीत बसून पुढे निघून जातो आणि त्याची झोप रस्त्याच्या कडेने धूळ खात मागून येते. अमरावतीहून वलगावला गेलेल्या माणसाला ती संध्याकाळपर्यंत गाठते, अचलपूरला गेलेल्याला दुसऱ्या दिवशी. धारणीच्या कुस्त्यांच्या दंगलीत त्यांचा पहिलवान पहिल्याच डावात चीत झाला, तेव्हा वस्तादांनी शांतपणे कारण दिले, "घाटात चुकली बिचारी. जंगल हाय ना तिथं."

मी अमरावतीच्या एका दैनिकात कुस्त्यांच्या बातम्या लिहीत असे आणि वस्तादांची तालीम माझ्या घराला लागून होती. त्यामुळे हा सिद्धांत मला वारंवार ऐकावा लागला. इतक्या ठामपणे इतके चूक बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि माझे आयुष्य वर्तमानपत्रात गेले आहे.

त्यांचा पहिलवान म्हणजे वलगावचा किसना. आईबाप लवकर गेले; बिनलग्नाच्या वस्तादांनी त्याला तालमीतच वाढवले. तो पोटासाठी कुस्त्या खेळायचा. आज या गावची दंगल, परवा त्या गावची. एसटीत अंग आंबायचे, परक्या धर्मशाळेत डोळा लागायचा नाही. समोरच्याने हात मिळवायला पुढे केला की किसना आधी जांभई द्यायचा.

"वस्ताद, त्याला कुस्तीची धास्ती वाटत असेल," मी एकदा म्हणालो.

"धास्ती? त्याले? तुमी पेपरवाले काहून असे उलटे हो?"

यानंतर माझ्याशी ते आठवडाभर बोलले नाहीत. मला आराम पडला.

मग अकोल्याची दंगल जाहीर झाली. मुख्य कुस्ती किसनाची होती, आणि जिंकेल त्याला तिथल्या एका कापड मिलमध्ये कायमची नोकरी आणि राहायला खोली मिळणार होती. किसनाचे गुडघे कुरकुरू लागले होते. ही संधी गेली असती तर पुढच्या हंगामात त्याला कोणी बोलावलेही नसते.

वस्तादांनी बैलबंडी जुंपली.

"वस्ताद, अकोल्याला एसटी जाते. रेल्वेही जाते," मी म्हणालो.

"जाऊ द्या ना. आमी झोपेले संगंच नेतो. बैलाच्या चालीनं चाललो तं मांगं राहीनच कशी?"

बंडीत गादी घातली, गादीवर किसना घातला. बडनेरा आले तरी किसना झोपलेला, मूर्तिजापूर आले तरी झोपलेला. परिणाम कोणत्याही शहाण्या माणसाला आधी सांगता आला असता. अकोल्यात पोचेपर्यंत त्याची सगळी झोप रस्त्यातच होऊन गेली होती. कुस्तीच्या आदल्या रात्री धर्मशाळेत तो टक्क जागा. वस्ताद त्याच्याकडे चारा न खाणाऱ्या बैलाकडे पाहावे तसे पाहत होते, असे तिथल्या रखवालदाराने मला सांगितले.

कुस्ती दुपारी होती. मी सकाळीच फजितीची बातमी घ्यायला धर्मशाळेत गेलो. किसनाला नुकतीच झोप लागली होती. एवढा अवजड गडी वस्तादांच्या मांडीवर डोके ठेवून पडला होता आणि वस्ताद त्याला थोपटत होते. माझ्या चपला वाजल्या तशी त्यांनी डोळे वटारले.

"मांडी भरून आली असेल," मी हळूच म्हणालो.

"माही राह्यलीच नाई ते. कवाचीच मेली."

"वस्ताद, तो जिंकला तर इथेच राहील. तालमीत तुम्ही एकटे उराल."

"म्हून तं झोपवून राह्यलो," ते म्हणाले आणि थोपटत राहिले.

किसना जिंकला. जांभई न देता त्याने हात मिळवला आणि समोरच्याला आस्मान दाखवले. वस्तादांनी ते पाहिले नाही. त्यांचा पाय जागा व्हायला वेळ लागला. ते लंगडत आले तेव्हा लोकांनी किसनाला खांद्यावर घेतले होते.

बातमीसाठी मी त्यांना दोन शब्द विचारले.

"लिवा, त्याले एकदम हाक मारून उठवू नका. दचकते तो लहानपनापासून. पायाले हात लावून उठवा लागते."

"हे बातमीत बसत नाही, वस्ताद."

"बसवा ना, भाऊ. मिलवाल्याहिले कोन सांगीन?"

ती एवढी मोठी मिल एका पहिलवानाला उठवण्यासाठी आमचा अंक वाचणार, ही कल्पना त्यांच्याच डोक्यात येऊ शकत होती. निकालाखाली मी एक ओळ दिली: 'विजयी मल्लास सकाळी पायास हात लावून जागे करावे, असे त्याच्या वस्तादांचे सांगणे आहे.' कचेरीत पुष्कळ दिवस हसणे चालले.

अंक निघाला त्या सकाळी, बंडी अकोल्यातच ठेवून रात्रीच्या एसटीने परतलेले वस्ताद मला अमरावतीच्या एसटी स्टँडवर दिसले. अकोल्याला निघालेल्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरच्या हातात ते एक अंक कोंबत होते.

"मिलच्या फाटकावर द्या, बाप्पा. पन आजच द्या. उद्या सकाळी त्याले कोनी ना कोनी उठवीनच."