रांगेतली चप्पल: चिन्हशास्त्राची तोंडओळख

जे स्वतः हजर नसतं त्याच्या वतीने जे हजर राहतं, त्याला चिन्ह म्हणतात. धूर दिसला की आग समजायची, दाराला कुलूप दिसलं की घरात कुणी नाही असं समजायचं, आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात वाजू लागली की नवऱ्याने आपण सकाळपासून काय काय बोललो ते आठवायला बसायचं. धूर म्हणजे आग नव्हे आणि भांडी म्हणजे बायको नव्हे, हे कळायला शास्त्र लागत नाही. शास्त्र लागतं ते पुढच्या पायरीला. ती पायरी अशी, की खऱ्या गोष्टीपेक्षा तिचं चिन्ह वापरायला सोपं असतं. ते खात नाही, पीत नाही, उलट बोलत नाही, ठेवलं तिथे राहतं. त्यामुळे सुधारलेल्या समाजात हळूहळू चिन्हं कामाला लागतात आणि माणसं सावलीत जाऊन बसतात.

या विषयावर जाडजाड पुस्तकं आहेत. मी त्यांतली दोन वाचली (एक पूर्ण). पण विषय मुळापासून समजून घ्यायचा तर आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यासारखी सोय कुठल्या विद्यापीठात नाही. प्रवेश मोफत आहे. येताना फक्त चप्पल आणायची.

तिथे दर गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात. त्यांच्या खोलीच्या दारापासून सुरू झालेली रांग ओसरी ओलांडते, पायऱ्या उतरते आणि भिंतीच्या कडेकडेने फाटकापर्यंत जाते. रांग चपलांची असते. चपलांचे मालक समोरच्या झाडाखाली बसून पत्ते खेळतात, डुलक्या काढतात, किंवा सरळ घरी जाऊन भात लावून येतात. ज्यांचा नंबर त्या गुरुवारी लागत नाही त्यांच्या चपला पुढच्या गुरुवारपर्यंत तिथेच मुक्कामाला राहतात. झाडूवाली त्यांच्या कडेने झाडते.

पूर्वी म्हणे या रांगेत माणसं उभी राहत. अनुभव चांगला नव्हता. माणसं ढकलाढकली करत, चक्कर येऊन पडत आणि आपला आजार शेजारच्याच्या आजारापेक्षा मोठा असल्याचं सिद्ध करत. चपला आल्यापासून ढकलाढकली पूर्ण थांबली आहे, चक्कर येण्याचं प्रमाण शंभर टक्क्यांनी घटलं आहे, आणि एका चपलेने दुसरीला आपल्या गुडघ्याची हकिगत सांगितल्याचं अद्याप कुणाच्या कानावर नाही.

व्यवस्था बघायला एक शिपाई आहे. त्याला सगळे आयुक्त म्हणतात. (खरे आयुक्त कुणी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुलनेचा प्रश्न येत नाही.) त्याच्या हातात छडी असते. रांगेचे नियम त्याला तोंडपाठ आहेत, आणि ते असे:

चप्पल म्हणजे माणूस.

दोन चपला म्हणजेही एकच माणूस. (एका जावयाने डावी स्वतःसाठी आणि उजवी सासऱ्यांसाठी अशी लावून पाहिली होती. दोन्ही बाद झाल्या. सासरे अजून त्याच्याशी बोलत नाहीत.)

चपलेचं तोंड दाराकडे हवं. फाटकाकडे तोंड असलेली चप्पल घरी निघाली असं समजण्यात येईल.

चप्पल नसेल तर पाण्याची बाटली चालेल, मात्र भरलेली. भरलेली बाटली म्हणजे परत येणारा माणूस. रिकामी बाटली म्हणजे कचरा.

वीट चालणार नाही. वीट कुणाचीही असू शकते.

या नियमांनी समाजात बरीच प्रगती झाली. लोक रांगेसाठी वेगळी चप्पल ठेवू लागले. झिजलेली, पण खानदानी. थोरल्या भावाचे डोळे बरे झाले की ती धाकट्याकडे जाई. चामड्याच्या चपलेला आयुक्त छडी न लावता हाताने सरकवी. रबरी असेल तर पायाने. झाडाखाली ओळखीही चपलांवरूनच होत. 'त्या निळ्या पट्टीवाल्या का तुम्ही? आमची तुमच्या मागेच असते. फार शांत आहे हो तुमची.'

या व्यवस्थेची ताकद खरी कळली ती शिंपीकाकांच्या वेळी. शिंपीकाका एका रविवारी वारले. त्यांची तपकिरी चप्पल रांगेत होती. ती उचलून न्यायचं घरच्यांना सुचलं नाही, आणि रांगेतल्या मंडळींना तिला मागे टाकून पुढे जाणं बरं वाटेना. शेजारधर्म म्हणून जो तो आपली चप्पल सरकवताना तिलाही पायाने थोडं पुढे ढकली. असं करत करत ती दारापर्यंत आली. नंबर पुकारला गेला. आयुक्ताने ती छडीने आत सरकवली, थोड्या वेळाने बाहेर आणली आणि म्हणाला, "तपासली. पुढची." शिंपीकाकांना गुण आला नाही, पण तक्रारही आली नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना माझी मोठी मावशी तिथे स्वतः गेली.

मावशीचा उजवा डोळा आधीच गेलेला, आणि डाव्यात मोतीबिंदू पिकलेला. तो तिने मोठ्या निगुतीने पिकवला होता. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, लांब असतो. विमानाने जावं लागतं इतका लांब. 'मी येतो तेव्हा करू तुझ्या डोळ्याचं,' असं तो म्हणाला होता, आणि तो येईपर्यंत डोळा थांबवून ठेवायचा मावशीने प्रयत्न केला. डोळ्याला तेवढा दम नव्हता.

पण मुलाने आईकडे दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. तो रोज सकाळी तिच्या फोनवर फुलाचं चित्र पाठवतो. खाली 'शुभ सकाळ' लिहिलेलं असतं. मावशी फोन नाकाला लावून बघायची, तिला नुसता रंगाचा डाग दिसायचा. मग मी गेले की विचारायची, "आज काय आहे?"

"शेवंती."

"बरा आहे म्हणायचा."

फूल आलं म्हणजे मुलगा आहे, हे चिन्हशास्त्र ती कुणाकडे शिकली नव्हती. एकदा मी विचारलं, "डोळ्याचं सांगितलंस त्याला?"

"सांगितलं की. त्याने जोडलेले हात पाठवले."

"मग?"

"मग मीही पाठवले. आता दोघेही हात जोडून बसलोय."

डोळ्याची तिला एवढ्याचसाठी घाई होती. "वाचायचं नाही, विणायचं नाही," ती म्हणायची, "तो पाठवतो ते मला माझ्या डोळ्याने बघायचंय. तुझ्या तोंडून ऐकलं की सगळी फुलं भाजीसारखी वाटतात." (मी नावं जरा घाईत घेते हे खरं आहे.)

आणि डॉक्टरांची बदली झाली होती. मोठ्या रुग्णालयातली शस्त्रक्रियेची तारीख तेच देत, आणि त्यांचे दोनच गुरुवार उरले होते. नंतर कोण येणार ते यथावकाश कळवण्यात येईल, असा कागद दारावर लावलेला होता. (यथावकाश हेही एक चिन्ह आहे. त्याचा अर्थ विचारू नये.)

त्या पहिल्या गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा रांग फाटकाला टेकली होती. मावशी माझा हात धरून शेवटच्या चपलेमागे उभी राहिली. आयुक्त छडी वाजवत आला.

"चप्पल?"

"आहे की," मावशी म्हणाली.

"कुठंय?"

"पायात."

"पायातली आम्ही धरत नाही."

"अरे बाबा, मग मला धर. मी उभी आहे ना इथे."

"तुम्ही आत्ता आहात मावशी. उन्हाने कंटाळून घरी गेलात तर? चप्पल कुठे जात नाही."

"जात नाही तर लोक ती पायात घालतात कशाला?"

झाडाखालून एका बाईने हातातले पत्ते न ठेवता ओरडून विचारलं, "कोण हो ते मध्येच रांग मोडतंय?"

"मोडत कुठे आहे? उभीच आहे मी," मावशी म्हणाली.

"तेच म्हणते मी. आम्ही सगळे बसलोय आणि तुम्ही एकट्याच उभ्या."

एवढं बिनतोड बोलणं मावशीने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तिने चपला काढल्या. मी त्या तोंड दाराकडे करून लावल्या. आयुक्ताचा चेहरा एकदम निवळला. "आता कसं," तो म्हणाला, "आता तुम्ही आलात."

त्या दिवशी रांग निम्मीदेखील सरकली नाही. चपला तिथेच ठेवून घरी जायचं होतं आणि फरशी तापली होती. मी माझ्या चपला मावशीला दिल्या. त्या तिला ढगळ झाल्या.

"एकीत दोन्ही पाय मावतील माझे," ती म्हणाली.

"मग बसव दोन्ही एकीत. दुसरी मला दे."

"गप चाल. तुझा पाय कुठे जातोय ते मला दिसत नाही, तुला तरी दिसू दे."

दुसऱ्या गुरुवारी, म्हणजे डॉक्टरांच्या शेवटच्या, आम्ही पुन्हा गेलो. गेल्या गुरुवारी रांग थांबली होती तिथे बघितलं तर मावशीची जागा रिकामी. पुढची निळ्या पट्टीची जागच्या जागी, मागची भरलेली बाटली जागच्या जागी, मध्ये फक्त हवा. मावशीला काय सांगावं ते मला कळेना. ती मात्र माझ्या दंडावरच्या बोटांनी ओळखून बसली.

"नाहीये ना?"

"बघते."

"बघ बाई. तुझं तरी काय बिघडलंय."

मी भिंतीकडेने बघत बघत पायऱ्यांपर्यंत गेले, ओसरीवर चढले, आणि डॉक्टरांच्या दाराशी थबकले. उंबऱ्यापाशी दवाखान्याचं कुत्रं पाय पसरून झोपलं होतं. त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये मावशीची डावी चप्पल होती. टाच चघळून निम्मी झाली होती, पट्टा लोंबत होता. तोंड दाराकडे होतं. उजवी कुठेच नव्हती. ती बहुधा घरी निघाली असावी.

बातमी झाडाखाली पोचली आणि सभा भरली. पत्तेवाल्या बाईचं म्हणणं, ही घुसखोरी आहे. निळ्या पट्टीवाल्यांचं म्हणणं, चप्पल पुन्हा मूळ जागी ठेवावी. आयुक्ताने छडी बगलेत धरून चपलेची सगळ्या बाजूंनी पाहणी केली. कुत्र्याने एक डोळा उघडून आयुक्ताची पाहणी केली.

"चप्पल पहिली आहे," आयुक्ताने निकाल दिला.

"अहो, कुत्र्याने नेली तिला."

"कुणी नेली याबद्दल नियम नाही. शिंपीकाकांची तुम्ही सगळ्यांनी नेलीत, तेव्हा कुणी काही बोललं का?"

यावर सभा विसर्जित झाली.

मी मावशीला हात धरून दाराशी आणलं. ती माझ्या कानाशी लागली. "अगं, हे बरं दिसतं का? सांगू का, ती माझी नाही म्हणून?"

"मग कुणाची म्हणशील?"

"कुत्र्याचं मन मोडायला नको," ती म्हणाली आणि आत गेली. जाताना तिने ती चप्पल पुरावा म्हणून छातीशी धरली होती.

डॉक्टर लिहीत होते. त्यांनी मान वर केली, आधी चप्पल बघितली आणि म्हणाले, "कुत्रा चावलेल्यांनी समोरच्या खोलीत."

"चपलेला चावला," मावशी म्हणाली. "डोळा माझा आहे."

तारीख मिळाली. शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या सकाळी मी तिच्याकडे गेले तर ती खिडकीपाशी फोन घेऊन बसली होती, नाकापासून चांगला हातभर लांब धरून. एकेक फूल मागे मागे सारत होती.

"छान आहेत गं," ती म्हणाली. "तू म्हणालीस त्यापेक्षा पुष्कळ छान."

मग तिने फोन माझ्यापुढे धरला. "हा डाव्या बाजूला बारका बाण कसला? सगळ्यांवर आहे."

बाण कसला ते मला माहीत होतं. आजवर तो तिला दिसत नव्हता, म्हणून तिने विचारलं नव्हतं. तिला दिसत नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं, म्हणून मीही फुलाचं नाव सांगून थांबत होते.

"म्हणजे," मी म्हटलं, "ते त्याला दुसऱ्या कुणीतरी पाठवलं. ते त्याने तुला पाठवलं."

"आणि त्या दुसऱ्याला?"

"तिसऱ्याने."

ती बाणाकडे बघत राहिली. मला वाटलं, रडते की काय. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण ती म्हणाली, "शिंपीकाकांची चप्पल. येणारा-जाणारा पायाने पुढे ढकलतोय."

मग ती उठली. पलंगाखालून कुत्र्याने चघळलेली ती डावी चप्पल काढली, पुसली, खिडकीत उन्हात ठेवली, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून, आणि मला म्हणाली, "हिचा फोटो काढ. आणि पाठव त्याला. लिहू काही नकोस."

मी पाठवला. तिकडे मध्यरात्र असणार, तरी मिनिटभरात उत्तर आलं. अंगठा.

मावशीने तो नीट, डोळ्याजवळ घेऊन, मग लांब धरून बघितला.

"तपासली म्हणतोय," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

चिन्हशास्त्राची तोंडओळख इथे पुरी झाली. विषय तुम्हाला समजला, हे तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंच आहे. आता तुम्हाला आईची आठवण येईल. उठून तिच्याकडे जाऊन यावं असंही क्षणभर वाटेल. मग वाटेल, त्यापेक्षा हेच तिला पाठवू, तिला आवडेल. पाठवा. तिचे डोळे चांगले असतील तर बाण तिला दिसेलच.