म्हाळसा हत्तिणीने लीद खाल्ली त्याची गोष्ट

एका जंगलात मोठं इस्पितळ उघडलं, तेव्हापासून तिथल्या प्राण्यांना आपले आजार नावानिशी कळू लागले. बाळांनो, तिथेच म्हाळसा हत्तिणीला कळलं, की आपल्या पोटातली गाठ कॅन्सरची आहे.

डॉक्टर बगळ्यांनी एका पायावर उभं राहून औषध लिहून दिलं. त्याच औषधाने म्हाळसाच्या धाकट्या जावेची, येसूची, गाठ विरली होती.

"त्याआधी दहा दिवस जंतुनाशक गोळ्या घ्या," बगळे म्हणाले.

"पण मला ताप कुठे आहे?"

"म्हणून काय झालं? जंतू म्हटला की मारायचा, हे आमच्या इस्पितळाचं ब्रीद आहे."

पोटातले जंतू मेले. भले-बुरे, झाडून सगळे. मग दोन महिने औषध चाललं, आणि गाठ वाढतच गेली. नदीवर जायलाही म्हाळसाला येसूचा आधार लागू लागला.

बगळ्यांनी कागदावर लिहिलं, 'रुग्णाने औषधाला साथ दिली नाही.' म्हाळसा ओशाळली. एवढं नामांकित औषध, आणि आपल्याला साधी साथ देता येऊ नये!

येसू मात्र चिडली. "जाऊबाई, पिल्लू असताना आपण आईची लीद खायचो. त्यातल्या जंतूंशिवाय पाला पचायचा नाही. तुमचं पोट आता तसंच कोरं झालंय. मला हेच औषध लागू पडलं, ते माझ्या पोटातल्या जंतूंमुळेच असेल. माझी लीद खाऊन बघा."

"जन्मभर घराण्याची अब्रू जपली, आणि आता या वयात शेण खाऊ?"

"शेण नाही, लीद. आणि घरातलीच आहे."

म्हाळसा खूप रडली. तिला मरायचं नव्हतं. डोळे मिटून तिने लीद खाल्ली. रोज खाल्ली. औषधही चालू ठेवलं. गाठ आधी बेलफळाएवढी झाली, मग आवळ्याएवढी, मग सोंडेने चाचपूनही लागेना.

बगळ्यांनी लगेच परिषद भरवली. विषय होता 'औषधाचा विजय'. म्हाळसाला मंचावर बसवलं.

"येसूच्या लिदीमुळे मी..." तिने सुरुवात केली.

बगळ्यांनी चोचीने माइक ओढला. "पेशंट भावनावश झाल्यात."

टाळ्या झाल्या. सिंहमहाराजांनी बगळ्यांना शाल पांघरली. येसूला आत प्रवेशच नव्हता. वास येतो म्हणे.

म्हाळसा मंचावरून उतरली आणि तडक बाहेर गेली. येसूपुढे रांग लागली होती. सगळ्यांत पुढे सौभाग्यवती बगळे उभ्या होत्या, पदराखाली द्रोण लपवून.

तात्पर्य : शेण खाल्ल्याने प्राण वाचू शकतात; पण शाल हवी असेल, तर ते दुसऱ्याने खाल्लेलं असावं.