ह्या कानात गाव, त्या कानात रान

गुंडूअण्णा परक्या गावात गेले की आधी भर बाजारात उभे राहून डोळे मिटायचे. देवळात नव्हे, बाजारात. छत्री काखेत, टोपी हातात, मान जराशी वर. मनातल्या मनात शंभर आकडे मोजून झाले की डोळे उघडायचे आणि त्या गावाचा निकाल लावायचे. बहुतेक गावं नापास.

आम्ही दोघं निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली असतील. मी पंचविशीतला, अण्णा पन्नाशीला टेकलेले आणि बिनलग्नाचे. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, एवढंच. तिला ते आक्का म्हणत, म्हणून सगळेच आक्का म्हणत. पण तिला पाहिलेलं कुणीच नव्हतं. अण्णांकडे गेलं की गप्पा बाहेरच्या कट्ट्यावर. चहासुद्धा अण्णाच आतून घेऊन यायचे.

अण्णांना निपाणी सोडून दुसरीकडे राहायला जायचं होतं. तंबाखूच्या दिवसांत आमची गल्लीच्या गल्ली शिंकायची. "हितं दोन्ही कानांत शिंका," ते म्हणायचे, "मानसानं ऐकायचं काय?" राहण्याजोगं गाव कसं असावं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं: "ह्या कानात गाव, त्या कानात रान. दोन्ही एकदम पायजेत."

अशा गावाच्या शोधात त्यांनी सगळ्या सुट्ट्या घालवल्या. दुसऱ्या दिवशी वखारीत निकाल जाहीर व्हायचा. कोल्हापूर? "दोन्ही कानांत गाव. तिसरा कान असता तर त्यातबी टांगा शिरला असता." चंदगड? "दोन्ही कानांत रान. येक मानूस खोकला तर मी दचाकलो." गोकाकला गिरणीचा भोंगाही होता आणि धबधबाही, पण त्या दोघांचं भांडण चाललेलं, "मी कशाला मधी पडू?" खानापूर जवळजवळ पास झालं होतं. पण गाडीची शिट्टी झाली की पाखरं गप्प बसायची आणि पाखरं बोलायला लागली की गाडी नसायची. "पाळ्या लावून घेतल्यात त्यास्नी," अण्णा म्हणाले आणि खानापूरही गेलं.

संकेश्वरला मी त्यांच्यासोबत होतो. अण्णा डोळे मिटून उभे, आकडे साठ-पासष्टच्या घरात असतील, एवढ्यात एक म्हातारी येऊन त्यांच्या पाया पडली. तिची म्हैस हरवली होती. अण्णांना मोजणी मोडायची नव्हती. डोळे न उघडताच ते म्हणाले, "वढ्याकडं घंटी वाजतीया बघ." म्हातारी तिकडे धावली आणि म्हैस घेऊनच परत आली. पाठोपाठ निम्मं गाव. कुणाची शेळी हरवलेली, कुणाचा जावई. आम्ही मागच्या गल्लीतून पळ काढला. सर्व्हिस मोटारीत बसल्यावर अण्णा म्हणाले, "गाव चांगलं हाय रं, पण आता तितं जाता येत न्हाय."

हे सगळं मी वखारीत नकला करून दाखवायचो. छत्री काखेत घ्यायची, डोळे मिटायचे, की बायका तंबाखू निवडायचं थांबवून हसायच्या. अण्णाही बघत बसायचे आणि मधेच सुधारायचे, "टोपी डाव्या हातात रं, बापू."

मग एकदा मोटारीतून डोळे मिटून उतरताना त्यांचा पाय मोडला. डोळे मिटून का उतरत होता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जमतंय का बघत हुतो." यावर वखार आठवडाभर हसली.

पाय प्लास्टरमध्ये असतानाच मला वखारीच्या कामासाठी बेळगावच्या कोर्टात जायचं होतं. अण्णांनी कट्ट्यावर बोलावून घेतलं. त्यांना कुणीतरी तिथल्याच वडगावातली एक गल्ली सांगितली होती. गल्लीत घरोघरी माग, शेवटी एक चिंच, आणि चिंचेच्या पलीकडे थेट येळ्ळूरपर्यंत भाताची शेतं.

"चिंचंखाली हुबा ऱ्हा. डोळं मीट. शंभर मोज," ते म्हणाले. "तुजं कान म्हंजे माजंच कान."

मी गेलो. पुढे नकलेत घालता येईल म्हणूनच गेलो, हे कबूल करतो. चिंचेखाली उभा राहिलो, डोळे मिटले. डाव्या कानात मागांची खटखट, सुताची कांडी संपली म्हणून ओरडणारा कुणीतरी, कानडी-मराठीत चाललेलं दोन बायकांचं भांडण. उजव्या कानात भातावरून येणारा वारा आणि पाखरं. दोन्ही एकदम.

मला आधी हसू आलं. मग एकदम कळलं की अण्णा आता जाणार. अण्णा गेल्यावर त्या वखारीत दिवसभर करायचं काय? नक्कल तरी कुणाची करायची?

निपाणीला येऊन मी त्यांना सांगितलं, "अण्णा, दोन्ही कानांत नुस्तं माग. पाखरू येक न्हाय."

त्यांनी एकही उलट प्रश्न विचारला नाही. "बरं झालं, तू जाऊन आलास," एवढंच म्हणाले.

पाय बरा झाला, पण अण्णांचं हिंडणं मंदावलं. दोन वर्षांनी आक्का गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या घरात पाऊल टाकलं. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर दोरी ताणलेली होती. चुलीपाशी तिला एक गाठ, न्हाणीपाशी दोन, परसदारी तीन.

मी दोरीकडे बघतोय हे अण्णांनी पाहिलं. "आट वर्सं दिसत नव्हतं तिला," ते म्हणाले. "कुनाला सांगू नगं म्हनायची. कीव केल्याली सोसायची न्हाय. म्हनायची, गुंड्या, मला बाजारबी ऐकू येऊ दे आन् पाखरंबी. नुस्त्या रानात ठेवलास तर मेल्यागत वाटंल, नुस्त्या गावात ठेवलास तर चेंगरल्यागत. आता तिच्यासारखं ऐकायचं तर डोळं मिटाय नगंत व्हय?"

मोटारीतून डोळे मिटून का उतरले, हे मग त्यांनी सांगायची गरज उरली नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बापू, वडगावात पाखरू येकबी नव्हतं न्हवं?"

मी दोरीच्या गाठीकडे बघत म्हणालो, "न्हाय, अण्णा."

"मग बरं. न्हायतर जिवाला लागून ऱ्हायलं असतं."

पुढे ते कुठंच गेले नाहीत. दोरी त्यांनी काढली नाही. जुनी झाली की दिवाळीला नवी आणून बांधायचे, गाठी मोजून.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. निपाणीत त्यांची आठवण उरली आहे ती माझ्या नकलेतली, डोळे मिटणाऱ्या खुळ्याची. ती मीच पसरवली. निदान वडगावचा निकाल तरी दुरुस्त करून ठेवतो.

अण्णा, मी चिंचेखाली उभा राहिलो होतो. टोपी डाव्या हातात होती. ह्या कानात गाव होतं, त्या कानात रान. तुम्ही शंभर मोजायला सांगितलं होतं. मी विसापर्यंत आलो होतो, तेवढ्यात टिटवी ओरडली.