फक्त बटण दुरुस्त करायचं होतं

"अर्ध्या तासात नवाकोरा करून देतो!" दशांश छाती फुगवून म्हणाला.

त्याचं खरं नाव आता कुणी घेत नसे. वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला असल्यामुळे तो घरातलं दूधही दोन दशांश स्थळांपर्यंत मोजायचा. ऑफिसातलं नाव लग्नानंतर सहा महिन्यांत बायकोच्याही तोंडी बसलं.

गुरुवारची सकाळ होती. सासूबाई प्रवासाची पिशवी खांद्याला लावून दारात उभ्या होत्या. त्यांनी एक राखाडी डबा पुढे केला. हातात धरून खेळायचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम. वरून ठोकळे पडायचे, ते रांगेत बसवायचे.

"उजवं बटण चिकटतंय, जावईबापू. फक्त बटण बघा. बाकी कशाला हात लावू नका! रविवारी ताईला घेऊन येते. माझे ब्याऐंशी हजार गुण झालेत हे तिला पटतच नाही. आता डोळ्यांसमोर दाखवते!"

बटण खरंच अर्ध्या तासात सुटलं. तपासायला डबा चालू केला तेव्हा पडद्यावर ब्याऐंशी हजारही झळकले. पण रिकाम्या हातांनी बसणं दशांशला कधी जमलंच नाही. त्याने वही काढली आणि डब्याचे गुणदोष लिहायला घेतले. गुण: चार सेलवर पंधरा तास चालतो. टेबलावरून पडला तरी फुटत नाही (हे प्रयोगाने सिद्ध झालं, प्रयोग चुकून झाला). नेट मागत नाही. दोष: पडद्याला स्वतःचा उजेड नाही, खिडकीकडे नेमक्या कोनात धरला तरच दिसतो. शिवाय खेळाच्या कॅसेटच्या पोटात नाण्याएवढा एक सेल आहे. हवेत तीन व्होल्ट, भरतात २.६१!

दोष दिसला आणि सोडून दिला? छे! त्याने जुना सेल काढला, नवा बसवला, ३.०२ व्होल्ट मोजून स्वतःची पाठ थोपटली आणि डबा चालू केला.

सर्वाधिक गुण: शून्य.

तो सेल बिचारा तेवढा एक आकडा लक्षात ठेवण्यासाठीच तिथे बसला होता!

बायकोने पडदा पाहिला आणि मटकन खुर्चीत बसली. "अरे, आई बाकी सगळं विसरते. मावशीसमोर मान खाली घालायला लावली तर नाही विसरत! बाबांनी एकदा मावशीदेखत तिची चूक काढली होती. अकरा वर्षं झाली, अजून त्यांचा चहा सगळ्यात शेवटी येतो."

"मग मीच खेळून तेवढे करतो! तीन दिवस आहेत. दिवसाला सत्तावीस हजार तीनशे तेहतीस पूर्णांक तेहतीस."

"तू आधी कधी खेळलायस हा खेळ?"

"तत्त्व समजलंय."

रजा टाकून तो उन्हामागे फिरू लागला. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी जिना, चार वाजता शेजारणीचं दार.

"कुणाची वाट बघताय?" तिने विचारलं.

"उन्हाची! जरा सरकता का?"

तिने दार लावून आतून कडी घातली. गुण: तीन हजार एकशे वीस.

शुक्रवारी डबा ऑफिसात गेला. खिडकीशी उभा राहून दशांश ठोकळे बसवतोय, कपाळावर घाम, ओठांत "हळू, हळू" असं पुटपुटणं चालू. तेवढ्यात साहेब बाहेरच्या दोन तपासनिसांना घेऊन मागे येऊन उभे.

"हा आमचा सर्वांत काटेकोर माणूस! काय रे, नवं मापक आलं का?"

"जुनंच आहे, साहेब!" त्याने नजर वर केली नाही. करणार कशी? लांब ठोकळा येत होता!

"आकडा काय येतोय?"

"नऊ हजार."

"आणि यायला किती हवा?"

"ब्याऐंशी हजार!"

साहेब पांढरे पडले. तपासनिसांनी एकमेकांकडे पाहून वह्या उघडल्या. संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेतले सगळे काटे पुन्हा तपासायचा हुकूम निघाला, आणि 'सर्वांत काटेकोर माणूस' म्हणून ते काम कुणाकडे आलं हे सांगायला नको. शनिवारही त्यातच गेला, खेळ जेवणाच्या सुट्टीपुरता उरला.

रविवारी मावशी सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या. सासूबाईंनी ऐटीत डबा चालू केला. पडद्यावर आकडा उमटला: १२,४६०.

खोलीत पंखासुद्धा दबकून फिरू लागला.

"मी... सेल बदलला," दशांश कसाबसा म्हणाला. "तुमचे गुण पुसले गेले. तीन दिवस खेळलो, पण एवढेच झाले. चूक माझी आहे, मावशी. त्यांचे ब्याऐंशी हजार होते! मी स्वतः पाहिलेत!"

मावशींनी चष्मा लावला, डबा उजेडाकडे वळवला. "म्हणजे हे बारा हजार तुमचे?"

"हो."

"तीन दिवसांत?"

"हो."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मावशींनी सासूबाईंचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात, पण दशांशला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या,

"तुझे ब्याऐंशी हजार मानले गं मी. पण मला सांग, पोरीला देताना तुम्ही मुलाची काही चौकशी केली होती का?"