समोरची बारी

दगडूबुवांशी कधी सहमत होऊ नका. त्यांना तो अपमान वाटतो.

मी एकदा म्हणालो, “बुवा, काय उकाडा आहे!”

“कुटं हाय उकाडा? एसीत बसून नाजूक झालास तू.”

दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, “आज उकाडा नाही.” तर पंच्याने घाम पुसत म्हणाले, “कातडी हाय का गेंड्याची?”

बुवा डबलबारीचे भजनी. समोरासमोर दोन मंच, दोन बुवा. एकाने गाण्यातून टोमणा मारायचा, दुसऱ्याने आपली बारी आली की गाण्यातूनच परतवायचा. असं आयुष्य काढलेला माणूस घरीही तसाच होतो. बायकोने ‘जेवायला चला’ म्हटलं, तरी हे आधी आलाप घेतात.

मी मंडप आणि साउंडवाला. हातगाडीवर बांबू ओढून वर आलोय. विचुंब्याला स्वतःचं गोदाम आहे आणि भावात मला अजून कोणी गुंडाळलेलं नाही. पण याच बुवांनी एकदा भर बारीत माझ्या स्पीकरच्या खरखरीवर टोमण्याचं गाणं, म्हणजे गजर, रचून म्हटला. तेव्हापासून पनवेलच्या मार्केटात लोक मला ‘खरखरशेठ’ म्हणतात. समोर कोणी म्हणत नाही. म्हणून दाखवावं. हे मी विसरलेलो नाही.

बुवांचे कायमचे प्रतिस्पर्धी आपट्याचे पांडूबुवा. त्यांच्या आवाजासाठी माणसं टेम्पो भरून यायची.

“गातो कुटं? बकरू वरडतं,” हे दगडूबुवांचं मत. “मी त्याचा गाना आयकतच नाय. त्याची बारी आली का कानात कापूस घालतो.” कापूस मी स्वतः पाहिलाय.

यंदा पांडूबुवा गेले. मंडळींनी श्रद्धांजलीचं भजन ठरवलं, गायला दगडूबुवांना सांगितलं. ते थेट माझ्या गोदामात.

“दोन मंच लाव.”

“गाणारे तुम्ही एकटे. दुसरा कशाला?”

“डबलबारी हाय.”

“कोणाशी?”

“पांडूशी.”

मी भडकलो. ऐन लग्नसराईत माझा माल रिकामा अडकवायचा? तरी सबुरीने म्हटलं, “उलव्याचा नवा बुवा समोर बसवू. पोरगा गोड गातो.”

बुवांनी माझी कॉलर धरली. “त्याच्या जागेवर कोन बसला तर मी गानार नाय! आनि फोटोफुडं येकटा बसून रडगाना गाऊ? आमचा तसा कवा होता का?”

घासाघीस करायची तर समोरच्यानेही थोडं सोडावं लागतं. हे काहीच सोडेनात. दोन्ही मंच लावले. पलीकडे पांडूबुवांची बाजाची पेटी ठेवली.

दगडूबुवांनी पहिल्याच गजरात मेलेल्या माणसाला भित्रा ठरवलं: हरायच्या भीतीने पळालास, ये, जवाब दे! पहिल्या रांगेत पांडूबुवांची मुलगी बसलेली. माणसं चुळबुळू लागली. एकजण म्हणाला, “बुवा, लाज धरा जरा.”

बारी संपली. आता समोरची. पखवाजवाला माझ्याकडे बघतोय, मी पखवाजवाल्याकडे.

बुवा उठले. मधली जागा ओलांडली, दुसऱ्या मंचाला हात लावून नमस्कार केला आणि पांडूबुवांच्या पेटीवर बसले.

मग पांडूबुवा गायले. दुसरं काय म्हणू? तोच सूर, त्याच हरकती, वरच्या पट्टीत जायच्या आधी घसा खाकरायची तीच सवय. आणि टोमण्याला जवाब असा, की दगडूबुवांची अब्रू धुऊन वाळत घातली. मुलगी पदराने डोळे पुसत हसत होती. कापसातून इतकं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं.

टाळ्या थांबेनात. शेवटी मी माईकवरून म्हणालो, “दगडूबुवा, तुमची बारी.”

ते उठले नाहीत. समोरच्या स्वतःच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

“त्या तिकडच्याकडं जवाब नाय,” ते म्हणाले. मग पेटीचा भाता हळूच बंद केला. “हाच जिकला. नेमी हाच जिकायचा.”